तहानेआधी विहीर : युरोपातील राष्ट्रे आणि त्यांची परकीय आर्थिक सुरक्षितता



‘परकीय आर्थिक सुरक्षितता’ हा शब्दप्रयोग कानाला बोजड लागतो, हे मी आरंभीच कबूल करतो. परंतु त्यातला आशय आपल्या बोलीतल्या एका म्हणीत पुरता सामावलेला आहे. नाक दाबले की तोंड उघडते, असे आपण म्हणतो. राष्ट्रांचेही असेच असते. एखाद्या राष्ट्राकडून आपल्याला हवे ते करवून घ्यावयाचे असेल, तर दर वेळी सैन्य पाठवावे लागतेच असे नाही. ज्या वाटेने त्याला तेल येते, गॅस येतो, धान्य येते, यंत्रांचे सुटे भाग येतात, ती वाट दाबून धरली तरी पुरते. आपले नाक असे दुसऱ्याच्या चिमटीत सापडू नये म्हणून राज्यकर्त्यांनी कायद्याने, पैशाने आणि कारभाराने जी तरतूद करावयाची, तिला परकीय आर्थिक सुरक्षितता म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. देशी कारखानदाराला परदेशी मालाची स्पर्धा सोसवत नाही म्हणून जकात बसवावयाची, हा प्रकार निराळा. त्यात राखण होते ती कारखानदाराच्या नफ्याची. मी ज्या तरतुदीविषयी बोलणार आहे तिच्यात राखण होते ती राष्ट्राच्या निर्णयस्वातंत्र्याची. व्यवहारात ह्या दोन गोष्टी पुष्कळदा एकमेकींची वस्त्रे नेसून हिंडतात, आणि कारखानदार मंडळी राष्ट्रहिताची भाषा किती सफाईने बोलतात हे आपणांस ठाऊक आहेच. म्हणूनच दोन्ही ओळखता आल्या पाहिजेत.

ही विहीर तहानेआधी खणावी लागते, आणि खणताना तो खर्च जवळजवळ सर्वांना उधळपट्टी वाटतो. तहान लागल्यावर खणली तरी पाणी लागत नाही असे नाही. पण मग त्याचा भाव दुसराच कोणी ठरवतो, आणि कधी कधी ते पाणी तिसऱ्याच्याच घड्यातून आलेले असते. हे मला युरोपातील काही राष्ट्रांच्या हकिकतींवरून दाखवावयाचे आहे.

प्रथम स्वित्झर्लंड. हा समुद्रकिनारा नसलेला डोंगराळ देश. तेथे पोटापुरते धान्य पिकत नाही आणि भूगर्भात तेल नाही. दुसऱ्या महायुद्धात तो चोहोबाजूंनी कोंडला गेला. तेव्हा फ्रीडरिख वालेन नावाच्या शेतकीतज्ज्ञाने १९४० साली अधिक जमीन लागवडीखाली आणण्याची योजना मांडली. शहरांतल्या बागा आणि मैदाने नांगरून तेथे बटाटे लावण्यात आले. (हेच वालेन पुढे १९६१ साली त्या देशाचे अध्यक्ष झाले. बटाट्याच्या पुण्याईने अध्यक्षपद मिळाल्याचे उदाहरण इतिहासात विरळाच.) युद्ध संपले, परंतु स्विस माणूस ती कोंडी विसरला नाही. राष्ट्राच्या पुरवठ्याची जबाबदारी त्याने राज्यघटनेतच घालून ठेवली.

त्यांची पद्धत मोठी शहाणपणाची आहे. आपल्याकडे पूर्वी गावात धान्याची पेवे असत, तसे सरकारी पेव त्यांनी मुख्यत्वे बांधले नाही. साखर, तांदूळ, गहू, खाद्यतेल, खते, औषधे, पेट्रोल असा ठरावीक माल जो व्यापारी आयात करील, त्याने काही महिने पुरेल इतका साठा राखलाच पाहिजे असा कायदा केला. माल व्यापाऱ्याचा, वखार व्यापाऱ्याची. सरकार फक्त त्याच्या कर्जाला हमी देते, म्हणजे बँक त्याला कमी व्याजाने पैसा देते. साठ्याचा खर्च मालाच्या किमतीत थोडा थोडा मिसळून गिऱ्हाईकाकडून वसूल होतो. जुना माल विकावयाचा व त्या जागी नवा भरावयाचा, त्यामुळे धान्य किडत नाही. पेट्रोल व डिझेल सुमारे साडेचार महिन्यांचे राखतात.

२०१९ साली तेथील सरकारला वाटले की, ह्या यादीतून कॉफी काढून टाकावी. कॉफीत पोषक असे काहीच नाही, तिच्यावाचून माणूस मरत नाही, हा त्यांचा युक्तिवाद शास्त्राला धरूनच होता. देशात कॉफीचा सुमारे १५ हजार टनांचा साठा होता. परंतु व्यापाऱ्यांनी आणि सामान्य लोकांनी एवढी कुरकूर केली की प्रस्ताव बाजूला ठेवावा लागला. गंमत बाजूला ठेवली तरी ह्या प्रसंगात एक मर्म आहे. राष्ट्राला आवश्यक काय, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांनी सोडवण्याचा नाही. संकटाच्या दिवसांत लोकांचे मन कशाने शाबूत राहील, हेही त्या हिशेबात धरावे लागते.

फिनलंडची गोष्ट ह्याच जातीची. सोविएट संघ १९९१ साली विसर्जित झाल्यावर युरोपात अनेकांनी आपली आणीबाणीची कोठारे मोडीत काढली. शेजारच्या स्वीडननेही काढली. फिनलंडने ती ठेवली, त्यासाठी १९९३ साली एक स्वतंत्र कचेरी स्थापन केली, आणि वीज व इंधन ह्यांच्या किमतीत एक लहानसे शुल्क घालून तिचा खर्च चालवला. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीत सारे जग तोंडाच्या पट्ट्यांसाठी बाजारात झोंबाझोंबी करीत होते, तेव्हा फिनलंडने आपली कोठारे उघडून जुन्या पट्ट्या इस्पितळांना धाडल्या. पट्ट्या जुन्या होत्या, पण होत्या.

साठ्याने काही महिने निभावतात. परंतु शेजारी बलाढ्य आणि रागीट असेल, आणि दुखणे महिन्यांचे नसून पिढ्यांचे असेल, तर साठा पुरत नाही. वाटच दुसरी काढावी लागते. ह्याचे उत्तम उदाहरण लिथुएनियाचे.

बाल्टिक समुद्राच्या काठचे हे सुमारे २८ लाख वस्तीचे राष्ट्र. म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी माणसे. ११ मार्च १९९० रोजी त्याने सोविएट संघातून स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले, आणि १८ एप्रिलला मॉस्कोने त्याची नाकेबंदी सुरू केली. तेल बंद झाले, गॅस अगदी थोडा येऊ लागला, पेट्रोल मोजून मिळू लागले. जूनच्या अखेरीस लिथुएनियाच्या संसदेने स्वातंत्र्याच्या घोषणेची अंमलबजावणी काही काळ तहकूब ठेवण्याचे कबूल केले, तेव्हा कोंडी सुटली. हा धडा त्या राष्ट्राच्या अंगात मुरला. पुढच्या वर्षी जगाने त्याचे स्वातंत्र्य मान्य केले खरे, पण तेल आणि गॅस त्याच नळांतून, त्याच दिशेने येत राहिले. ध्वज आपला, नाणे आपले, आणि चुलीचा जाळ दुसऱ्याच्या मर्जीवर, अशी ती स्थिती.

तेलाच्या बाबतीत त्यांनी १९९९ साली बुटिंगे येथे समुद्रावर तेल उतरवून घेण्याची सोय केली. त्या वेळी नळाचे तेल मुबलक येत असताना ही सोय कशाला, असे विचारणारे होतेच. २००६ साली लिथुएनियातला मोठा तेलशुद्धीकरण कारखाना विकण्याचा प्रश्न आला. रशियन गिऱ्हाइके रांगेत असताना तो पोलंडच्या कंपनीला देण्याचे ठरले. त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस रशियाकडून येणारा तेलाचा नळ ‘गळतो आहे’ म्हणून बंद करण्यात आला. तो नळ नंतर कधीच दुरुस्त झाला नाही. परंतु कारखाना बंद पडला नाही, कारण बुटिंगेला जहाजे लागत होती. सात वर्षांपूर्वीचा तो ‘वायफळ’ खर्च एका दिवसात वसूल झाला.

गॅसचे काम याहून अवघड होते. गॅस पिंपांत भरून आणता येत नाही. तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि त्याचे आकारमान सहाशे पटींनी कमी होते. मग तो खास जहाजांतून नेता येतो. मात्र तो उतरवून घेऊन पुन्हा वायुरूप करण्यासाठी बंदरात मोठा खटाटोप लागतो. लिथुएनियातली जुनी अणुवीज भट्टी युरोपीय संघात शिरताना घातलेल्या अटीप्रमाणे २००९ च्या ३१ डिसेंबरला बंद झाली, त्यामुळे गॅसची गरज आणखी वाढली. विकणारा एकच, रशियाची गाझप्रोम कंपनी. देशातल्या गॅस कंपनीतही तिचाच मोठा हिस्सा. युरोपात सर्वांत महाग गॅस घेणाऱ्या राष्ट्रांत लिथुएनियाची गणना होऊ लागली. पर्याय नसलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार कसा वागवतो हे सांगावयास अर्थशास्त्र नको.

२०१२ साली तेथील संसदेने कायदा केला. एक तरते गॅस-केंद्र भाड्याने घ्यावयाचे, ते क्लायपेडा बंदरात उभे करावयाचे, आणि त्याचा खर्च भागवण्यासाठी सर्व गॅस-ग्राहकांवर एक उपकर बसवावयाचा. दक्षिण कोरियात बांधलेले आणि नॉर्वेच्या कंपनीच्या मालकीचे ते जहाज २०१४ च्या २७ ऑक्टोबरला बंदरात आले. १ लाख ७० हजार घनमीटर द्रवरूप गॅस त्यात मावतो. त्याचे नाव ‘इंडिपेंडन्स’, म्हणजे स्वातंत्र्य. राष्ट्राध्यक्षा दालिया ग्रिबाउस्काइटे स्वागताला हजर होत्या. पण खरी बहार पुढेच आहे. जहाज बंदरात यावयाच्या पाच महिने आधी, मे महिन्यात, गाझप्रोमने गॅसचा भाव सुमारे पाचव्या हिश्श्याने उतरवला! विहिरीला अजून पाणीही लागले नव्हते. नुसती खणली जात आहे एवढे दिसताच पाणीवाला शेजारी नरमला.

हे ऐकून कोणास वाटेल की सारे राष्ट्र आनंदले असेल. तसे झाले नाही. पहिली काही वर्षे ते केंद्र पुऱ्या शक्तीने चाललेच नाही. नळाचा गॅस स्वस्त झाल्यावर जहाजाचा महाग गॅस घ्यावा कोणी? योनावा येथील मोठा खतकारखाना, जो देशातला सर्वांत मोठा गॅस-ग्राहक, तो ह्या उपकराविरुद्ध न्यायालयात गेला. त्याची तक्रार अगदीच खोटी नव्हती. परदेशी बाजारात त्याला ज्यांच्याशी स्पर्धा करावयाची होती, त्यांच्यावर असा कर नव्हता. विम्याचा हप्ता भरणाऱ्याला आग लागेपर्यंत विमा महागच वाटतो, आणि सरकारने सर्वांच्या वतीने उतरवलेल्या विम्यात तर प्रत्येकाला आपलाच हप्ता जास्त वाटतो.

आग लागली २०२२ च्या फेब्रुवारीत. रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. २ एप्रिलला लिथुएनियाने जाहीर केले की, आम्ही आता रशियाकडून गॅस घेत नाही. युरोपीय संघातील हे पहिले राष्ट्र. २०२४ च्या डिसेंबरात भाड्याची मुदत संपता संपता त्यांनी ते जहाज विकतच घेतले. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तिन्ही बाल्टिक राष्ट्रांनी सोविएट काळापासून चालत आलेले विजेच्या जाळ्याचे सांधे तोडून आपली जाळी पश्चिम युरोपाशी जोडली.

आता जर्मनीकडे वळू. लिथुएनियाच्या जवळजवळ तीसपट लोकसंख्या, युरोपातला सर्वांत श्रीमंत कारखानदार, आणि तरी ह्या प्रकरणात तो धाकट्या भावापेक्षा अजाण ठरला. पण त्याची बाजू नीट ऐकून घेतली पाहिजे.

पश्चिम जर्मनीत सोविएट गॅस १९७३ पासून येऊ लागला. जर्मनांनी पोलादी नळ द्यावयाचे आणि त्यांतूनच रशियाने गॅस द्यावयाचा, असा तो सौदा होता. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेचे अध्यक्ष रेगन ह्यांनी पुढच्या नळाला कडकडून विरोध केला. जर्मनांनी मानला नाही. त्यामागे लोभ होता, तसे तत्त्वज्ञानही होते. ज्याच्याशी रोजचा व्यवहार आहे त्याच्याशी माणूस लढत नाही. व्यापाराने शत्रूही हळूहळू बदलतो, अशी त्यांची श्रद्धा होती. आणि पन्नास वर्षे, शीतयुद्धाच्या ऐन कडाक्यातही, गॅस वेळेवर येत होता, ही गोष्ट त्या श्रद्धेच्या बाजूने साक्ष देत होती. अनुभवावर विसंबलेल्या माणसाला मूर्ख म्हणता येत नाही. एवढेच म्हणता येते की, बंधन दोन्ही टोकांना असते, पण ओढणारा कोणत्या टोकाला आहे हे त्याने पाहिले नाही.

२०२१ पर्यंत जर्मनीच्या गॅस-आयातीपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ५५ टक्के, रशियाची झाली होती. समुद्रावरून द्रवरूप गॅस उतरवून घेण्याचे एकही केंद्र जर्मनीत नव्हते. विल्हेल्म्सहाफेन बंदरात ते उभारावे अशी चर्चा १९७० नंतरच्या दशकापासून चालू होती. नळाचा गॅस स्वस्त असल्यामुळे ती चर्चाच राहिली. ह्याहून विलक्षण गोष्ट रेडेन गावची. तेथे जमिनीखाली सुमारे २,००० मीटर खोल, गॅस संपलेल्या एका जुन्या क्षेत्रात, जर्मनीच्या साऱ्या साठवणीचा सुमारे पाचवा हिस्सा मावेल असे कोठार आहे. २०१५ साली एका व्यापारी देवघेवीत हे कोठार गाझप्रोमच्या ताब्यात गेले. सरकारने हरकत घेतली नाही. आणि हे घडले क्रिमिया रशियाने बळकावल्यानंतरच्या वर्षी! ज्या सावकाराकडून धान्य घ्यावयाचे, त्याच्याच हाती आपल्या पेवाची किल्ली दिली. २०२१ च्या पावसाळ्यानंतर, जेव्हा कोठारे भरण्याचा हंगाम असतो, तेव्हा रेडेन दहा टक्केही भरलेले नव्हते. कायद्याने कोणाचाच गुन्हा झाला नव्हता, कारण कोठार किती भरावे असा कायदाच नव्हता. बाजार भरील, अशी समजूत होती.

मग बैल गेला अन् झोपा केला. परंतु झोपा बांधण्याचे काम मात्र जर्मनांनी जर्मनांसारखे केले, हे मान्य करावेच लागेल. २०२२ च्या ४ एप्रिलला, गाझप्रोम आपली जर्मनीतील कंपनी एका अनोळखी खरेदीदाराच्या गळ्यात बांधून मोडीत काढू पाहते आहे असे दिसताच, अर्थमंत्र्यांनी परराष्ट्र-व्यापाराच्या कायद्याचा आधार घेऊन ती कंपनी सरकारी विश्वस्ताच्या हाती दिली. त्याच महिन्याच्या अखेरीस कायदा लागू झाला की, गॅसची कोठारे १ ऑक्टोबरपर्यंत ८० टक्के आणि १ नोव्हेंबरपर्यंत ९० टक्के भरलीच पाहिजेत. जूनमध्ये युरोपीय संघाने ह्याच स्वरूपाचा नियम साऱ्या सभासदांना लावला. विल्हेल्म्सहाफेनचे केंद्र, ज्याची पन्नास वर्षे नुसती चर्चा झाली, ते परवानग्यांचे नियम सैल करून काही महिन्यांत बांधले गेले, आणि १७ डिसेंबरला त्याचे उद्घाटनही झाले. उनिपर ही सर्वांत मोठी गॅस-आयातदार कंपनी बुडू लागली म्हणून सरकारने ती जवळजवळ सगळी विकत घेतली. नोव्हेंबरच्या मध्यास कोठारे जवळजवळ काठोकाठ भरली होती. हिवाळा निभावला.

पण कोणत्या भावाने? पूर्वी युरोपच्या घाऊक बाजारात गॅसचा भाव दर एककास २० युरोच्या आसपास असे. २०२२ च्या ऑगस्टअखेर तो सुमारे ३४० युरोंपर्यंत चढला, आणि जर्मन कोठारे भरण्याची घाई नेमकी तेव्हाच चालली होती. लोकांना आणि कारखान्यांना ही झळ सोसवेना, म्हणून सरकारने २०० अब्ज युरोंपर्यंतची मदत जाहीर केली. लिथुएनियाच्या खतकारखान्याला जो उपकर जड झाला होता, तो ह्या रकमेपुढे ठेवून पाहावा. स्वस्त गॅसची पन्नास वर्षांची बचत एका बाजूला आणि ह्या एका वर्षाचा खर्च दुसऱ्या बाजूला घालून काटा कोठे झुकतो, ह्यावर जर्मन अर्थशास्त्री अजून वाद घालतील. मला एवढेच दिसते की, पहिल्या हिशेबात भावाची एक ओळ लिहावयाची राहून गेली होती.

रेडेनच्या गोष्टीत मालकीचा प्रश्न आला. युरोपात तो गॅसपुरता राहिला नाही. २०१६ साली जर्मनीतील ऑग्सबुर्गची कूका ही यंत्रमानव बनवणारी नामांकित कंपनी चीनच्या मिडिया कंपनीने साडेचार अब्ज युरोंच्या आसपास किमतीला घेतली, तेव्हा प्रथम लोक दचकले. कारखाना परक्याने घेतला म्हणून जमीन पळत नाही. पण ज्ञान पळते. दुसऱ्याच वर्षी जर्मनीने परदेशी खरेदीच्या तपासणीचे नियम कडक केले. २०१८ साली चीनची सरकारी वीज-कंपनी उत्तर व पूर्व जर्मनीच्या वीजवाहिन्यांत पाचवा हिस्सा घेऊ पाहत होती. तो हिस्सा नियमाच्या मर्यादेखाली असल्यामुळे अडवता येईना, तेव्हा सरकारी बँकेने तो स्वतःच विकत घेतला. कायद्यात भोक दिसले तर तात्पुरते पैशाने बुजवावे, तसे हे. मग भोकही बुजवले. त्याच वर्षाच्या अखेरीस ही मर्यादा महत्त्वाच्या धंद्यांपुरती २५ टक्क्यांवरून १० वर आणली. २०२० च्या ऑक्टोबरपासून साऱ्या युरोपीय संघात अशा खरेदीविषयी एकमेकांना कळवण्याचा नियम लागू झाला.

मात्र युरोपीय बांधवांचे हात स्वच्छ होते असे समजू नये. ग्रीसचे पिरेअस बंदर चीनच्या कॉस्को कंपनीने २०१६ साली घेतले. आधी ५१ टक्के, पुढे ६७. कर्जात बुडालेल्या ग्रीसला सरकारी मालमत्ता विकून पैसे उभे करण्याची अट घालणारे सावकार युरोपीयच होते. पुढच्याच वर्षी, २०१७ च्या जूनमध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत चीनवर टीका करणारे युरोपीय संघाचे निवेदन ग्रीसने अडवले. अडल्या नारायणाला ज्यांनी बाजारात उभे केले, त्यांनीच मग त्याच्या गिऱ्हाइकाविषयी तक्रार करावी, ह्यात थोडा विनोद आहे.

ह्या मार्गातही धोके आहेत, हे हॉलंडच्या ताज्या अनुभवावरून दिसते. नेक्स्पीरिया ही नाइमेखेन शहरातील कंपनी मोटारींना लागणाऱ्या साध्यासुध्या, पण अब्जावधींनी खपणाऱ्या चिपा बनवते. मालक चिनी. मालक कंपनीचे ज्ञान व साधने बाहेर नेत आहे अशा संशयावरून २०२५ च्या ३० सप्टेंबरला डच मंत्र्यांनी १९५२ सालचा मालाच्या उपलब्धतेचा कायदा बाहेर काढला आणि कंपनीच्या निर्णयांवर सरकारी अंकुश ठेवला. शीतयुद्धाच्या काळात केलेला हा कायदा तोवर एकदाही वापरला गेला नव्हता. ४ ऑक्टोबरला चीनने उलट चाल केली. ह्या चिपांचा बराच मोठा भाग शेवटच्या बांधणीसाठी चीनमधील कारखान्यात जातो. तेथून त्या बाहेर पाठवण्यास बंदी झाली. काही आठवड्यांतच युरोपातील मोटार-कारखाने हवालदिल झाले, आणि १९ नोव्हेंबरला मंत्र्यांनी आपला हुकूम स्थगित केला. उंबरठ्यावर पहारा बसवला, पण घराची मागची खोली दुसऱ्याच्या वाड्यात होती!

एकट्याने लढू पाहणाऱ्याचे काय होते, हे लिथुएनियानेही अनुभवले. २०२१ च्या नोव्हेंबरात तेथे ‘तैवानी’ ह्या नावाने प्रतिनिधी-कचेरी उघडली, आणि डिसेंबरात चीनच्या जकात-खात्याच्या यादीतून लिथुएनिया हे राष्ट्रच नाहीसे झाले. तेथला माल सुटेना. इतकेच नव्हे, तर जर्मन कंपन्यांना, तुमच्या मालात लिथुएनियाचे भाग नकोत, असे दडपण येऊ लागले. लिथुएनिया चीनला थेट माल फार थोडा विकत होता. खरा चिमटा बसला तो जर्मन साखळीतून. आता, युरोपीय संघात परराष्ट्र-व्यापार हा संघाचा अधिकार आणि सुरक्षितता हा प्रत्येक राष्ट्राचा. त्यामुळे अशा प्रसंगी कोणी उठावे हाच प्रश्न पडतो. संघाने जागतिक व्यापार संघटनेत २०२२ च्या जानेवारीत दावा लावला, आणि पुढे तो सोडूनही दिला. पण आर्थिक जबरदस्तीविरुद्धच्या युरोपीय कायद्याला ह्यातून बळ मिळाले. २०२३ च्या २७ डिसेंबरपासून तो अंमलात आहे. एका सभासदाला कोणी व्यापाराने छळले तर सर्वांनी मिळून जकात, खरेदी, गुंतवणूक अशा वाटांनी उत्तर द्यावयाचे, असे त्यात आहे. पहिली दोन वर्षे हे शस्त्र म्यानातच राहिले. म्यानात ठेवूनही तलवार उपयोगी पडते, हे खरे. पण ती उपसण्याचे धैर्य सत्तावीस जणांच्या विशेष बहुमतावर अवलंबून असेल, तर समोरचाही ते हेरून असतो.

आता कोणी विचारील, हे युरोपचे झाले. ह्यात आमचे काय? मी वर म्हटले की तहानेनंतर काढलेले पाणी कधी तिसऱ्याच्या घड्यातून येते. तो तिसरा कोण, एवढे सांगावयाचे राहिले आहे.

२०२२ च्या उन्हाळ्यात युरोप मिळेल त्या भावाने समुद्रावरचा गॅस उचलत होता. समुद्रावरचा गॅस कोणा एकाचा नसतो. जो जास्त देईल त्याच्याकडे जहाज वळते. त्या जुलैत पाकिस्तानच्या सरकारी कंपनीने दहा जहाजांसाठी टेंडर काढले. एकही भाव आला नाही. बांगलादेशाने रोखीच्या भावाने गॅस घेणे थांबवले आणि विजेची कपात सुरू केली. जर्मन घरे गरम राहिली, त्यात ह्या अंधाराचाही वाटा होता.

आपल्याला तर ह्याची झळ थेट लागली. भारताच्या गेल कंपनीने २०१२ साली गाझप्रोमच्या सिंगापूरच्या कंपनीशी वीस वर्षांचा करार केला होता. २०१८ च्या ४ जूनला त्या करारातले पहिले जहाज गुजरातेत दहेजला लागले. सिंगापूरची ही कंपनी गाझप्रोमच्या त्याच जर्मन कंपनीची पोटकंपनी होती, जी ४ एप्रिल २०२२ रोजी जर्मन सरकारने ताब्यात घेतली. बर्लिनच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. मे महिन्यात रशियाने त्या कंपनीवर आणि तिच्या शाखांवर निर्बंध घातले, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे यावयाची जहाजे थांबली. कराराला कोणी नाही म्हणत नव्हते. गॅस मात्र येत नव्हता. गेलला खतकारखान्यांचा आणि इतर ग्राहकांचा पुरवठा कमी करावा लागला. २०२३ च्या डिसेंबरात गेलने त्या कंपनीवर, जी आता जर्मन सरकारच्या मालकीची झाली होती, लंडनच्या लवादापुढे सुमारे १८२ कोटी डॉलरांपर्यंतचा दावा लावला. २०२५ च्या जानेवारीत तडजोड झाली आणि २८ कोटी ५० लाख डॉलर मिळावयाचे ठरले.